आई-बाबांना घेऊन गाडीने ब्रिटन फिरायचंय, मुक्काम घरगुती बी अँड बीत. जमेल का?

अमळनेरचा_धाकला

राम राम मंडळी. आमचं गाव अमळनेर तालुक्यात, बोरीच्या काठावर. मी नोकरीला पुण्यात. पुढच्या जूनमध्ये आई-बाबांना ब्रिटन दाखवायचं ठरतंय. मी, बायको आणि ते दोघं. बाबा तीस वर्षं जिनिंगमध्ये मुकादम होते. आता ६८ चे आहेत, तब्येत ठणठणीत, फक्त गुडघे कुरकुरतात.

टूरबरोबर जायला ते तयार नाहीत. मागे एकदा यात्रेच्या बसने गेले होते, तिथे पहाटे साडेतीनला दारं बडवणाऱ्या मॅनेजरचा त्यांनी जो धसका घेतलाय तो अजून उतरलेला नाही. म्हणून गाडी भाड्याने घ्यायची, मीच चालवायची, आणि हॉटेलाऐवजी बी अँड बीत, म्हणजे ‘बेड अँड ब्रेकफास्ट’ देणाऱ्या कुणाच्या तरी घरी उतरायचं असा विचार आहे. सकाळचा नाश्ता त्यांच्याकडे, मग दिवसभर आपण मोकळे.

हातात १४ दिवस. नकाशावर आखलेला मार्ग असा: लंडन, स्टोनहेंज, बाथ, कॉर्नवॉलचं टोक म्हणजे लँड्स एंड, मग वेल्स, लेक डिस्ट्रिक्ट, एडिनबरा, स्काय बेट, पार वरचं जॉन ओ'ग्रोट्स, इनव्हरनेस, यॉर्क, परत लंडन. थोडक्यात बेटाला प्रदक्षिणा.

लायसन्स माझं जळगावचंच, एमएच-१९. ते तिथे चालतं का? बाबा माळकरी, त्यांना अंडंसुद्धा चालत नाही, मग त्या नाश्त्याचा उपयोग काय? आणि आई रोज संध्याकाळी फोनवर एकच विचारते, ‘तठे जाईसन आपण काय खासूत?’ तिला काय सांगू?

नंदुरबारी_मिरची

भाऊ, माझं मत वेगळं आहे. गुडघे दुखणारा माणूस बरोबर असेल तर साखळी हॉटेलं बरी. ही बी अँड बीवाली घरं बहुतेक जुनी. जिना अरुंद, चढ उभा, लिफ्टचं नाव नाही, आणि पाहुण्यांच्या खोल्या नेमक्या वरच्या मजल्यावर. आम्ही वेल्समध्ये एका ठिकाणी २३ किलोच्या तीन बॅगा माळ्यावर चढवल्या. दुसऱ्या दिवशी कंबर माझी गेली, सासऱ्यांची नाही.

पांझरेची_पोर

धाकलेदादा, आधी ती प्रदक्षिणा रद्द करा, मग पुढचं वाचा.

मी धुळ्याची, गेली नऊ वर्षं शेफिल्डमध्ये. २०२४ च्या जूनमध्ये आप्पा आणि आईला घेऊन बारा दिवस अशीच फिरले. माझी गाडी चिमुकली म्हणून भाड्याने मोठी घेतली. आप्पा एसटीत ड्रायव्हर होते, धुळे डेपो, ३१ वर्षं. चाळीसगावहून कन्नडला चढणारा औट्रम घाट त्यांच्या तळहातावर आहे. त्यामुळे सहलीत ड्रायव्हर मी आणि चेकर ते. गाडी उजव्या स्टिअरिंगची, रस्ता डावीकडचा, म्हणजे सगळं आपल्यासारखंच. आप्पा शेजारी बसून पायाखाली नसलेला ब्रेक बारा दिवस दाबत होते.

लँड्स एंड ते जॉन ओ'ग्रोट्स हेच रस्त्याने ८७४ मैल, म्हणजे १४०० किलोमीटर. तुमचा अख्खा फेरा दोन हजार मैलांवर जातो. मोटरवेला ७० मैलांची मर्यादा आहे, तिथे अंतर कापलं जातं. पण तुम्हाला जे बघायचंय ते मोटरवेवर नाही. कॉर्नवॉलमध्ये दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच कुंपणझाडी आणि मधे एक गाडी मावेल इतकीच गल्ली. मर्यादा ६० ची असली तरी तिथे ३० ने गेलात तर खूप झालं. स्कॉटलंडच्या डोंगरात तर एकेरी रस्ते आहेत, समोरून गाडी आली की थांबायला थोड्या थोड्या अंतरावर फुगवटे ठेवलेले. फुगवटा आपल्या डावीकडे असेल तर त्यात शिरायचं, उजवीकडे असेल तर त्याच्या समोर आपल्या बाजूलाच थांबायचं. तिथे गाडी लावून फोटो काढत बसायचं नाही, लोक चिडतात.

असा एक रस्ता उतरत होतो. खालून एक व्हॅन वर येताना दिसली आणि मी काही करायच्या आत आप्पा म्हणाले, ‘गाडी उभी कर, त्याले जाऊ दे. चढणाऱ्याचा मान.’ घरी येऊन तिथल्या हायवे कोडमध्ये पाहिलं, एकेरी रस्त्याचा नियम तोच: जमेल तेव्हा चढणाऱ्याला वाट द्या. हे आप्पांना सांगायला नको होतं. पुढचे सगळे घाट त्यांनी शिट्टी नसलेल्या कंडक्टरसारखे घेतले.

आमचा हिशोब साधा होता. दिवसाला १५० मैलांच्या वर नाही, आणि कुठेही दोन रात्रींपेक्षा कमी मुक्काम नाही. रोज बॅग भरणं-उघडणं म्हणजे दुसरी यात्रेची बसच. दोन दिवस लंडन, तेही गाडीशिवाय. तिथे गाडी घेऊन शिरलात तर गर्दीचा कर वेगळा, गाडी जुनी असेल तर धुराचा वेगळा, पार्किंगचं विचारूच नका. मग आगगाडीने शेफिल्ड. तिथून गाडीने लेक डिस्ट्रिक्टला केझिकजवळ दोन रात्री, स्कॉटलंडमध्ये ग्लेन कोच्या बाजूला तीन, येताना हेड्रियनच्या जुन्या रोमन भिंतीपाशी दोन, आणि शेवटी यॉर्कशर डेल्समध्ये एका शेतावर तीन. केझिक ते ग्लेन को आणि तिथून हेड्रियनची भिंत, एवढे दोनच टप्पे १५० च्या पुढे गेले. स्काय बेट सोडलं, कॉर्नवॉल सोडलं. आईला अजून माहीत नाही की स्काय नावाचं काही आहे, आणि तिचं काही अडलेलं नाही.

लंडनमधली एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. वेस्टमिन्स्टर ॲबीत राजे-राण्यांच्या थडग्यांना आप्पा कंटाळले होते. मधल्या लांबलचक दालनात फरशीवर मी नाव वाचलं, जेम्स आउट्रम. म्हटलं, ‘आप्पा, तुमचा घाट.’ त्यांना आधी कळेना. हा माणूस १८२५ मध्ये खानदेशात आला, भिल्लांची पलटण उभी केली, पुढे जनरल झाला आणि १८६३ मध्ये गेल्यावर इथे पुरला. आप्पा बराच वेळ खाली बघत उभे. मग म्हणाले, ‘म्हणजे माणूस होता तर. मी इतके दिवस घाटाचंच नाव समजायचो.’

आता घरांचं. हॉटेल आणि बी अँड बी यातला फरक मला सांगता आला नसता, आईला पहिल्या सकाळी कळला. घरमालकीण खोली आवरायला वर गेली तर आईने पलंग आवरलेले, चादरींच्या घड्या केलेल्या, चहाचे कप बेसिनमध्ये विसळून पालथे घातलेले. ती बाई ओशाळली, आई खूश. मी म्हटलं, आई, आपण पैसे दिलेत. तर म्हणे, ‘पैसे खोलीचे दिले. लोकांच्या घरी राहायचं आन् हात लावायचा नाही, असं कसं?’ बारा दिवसांत तिची ही सवय गेली नाही आणि दुसऱ्या घरापासून मीही बोलणं सोडलं.

तर ते घरच असतं. मालक त्याच घरात राहतो. दुपारी चारच्या आधी बहुतेक घेत नाहीत, सकाळी दहाला खोली सोडायची. उशीर होणार असेल तर फोन करा, कारण कुणीतरी तुमच्यासाठी जागं बसलेलं असतं. नाश्ता साधारण आठ ते नऊ, आणि तुमची वेळ व पदार्थ आदल्या रात्रीच विचारून ठेवतात. खोलीत किटली, चहाच्या पुड्या आणि दुधाच्या अंगठ्याएवढ्या डब्या असतात. आप्पांना एका कपाला सहा डब्या लागायच्या. खोलीत शिजवायला मनाई, धुराची घंटा लगेच बोंबलते. बुकिंग करताना बाथरूम खोलीला जोडलेलं आहे ना, ते विचारा. मिरचीताई जिन्याचं म्हणतात ते सोळा आणे खरं, म्हणून ‘तळमजल्याची खोली’ हे पहिल्याच निरोपात लिहायचं. शेतावरच्या घरांत ती बऱ्याचदा मिळते, कारण जुन्या गोठ्याच्याच खोल्या केलेल्या असतात.

बाथरूममध्ये तीन गोष्टी. बेसिनला गरम आणि थंड असे दोन वेगळे नळ असू शकतात, एकात हात भाजतो आणि दुसऱ्यात गोठतो. शॉवरसाठी छतातून एक दोरी लोंबत असते, ती ओढली की लाल दिवा लागतो आणि मग पाणी तापतं. आईला मी हे सांगायला विसरले, तिने पहिल्या दिवशी ग्लेन कोच्या थंडीत गारढोण पाण्याने अंघोळ केली आणि कुणाला सांगितलं नाही, ‘त्यांच्याकडे असंच असंल’ म्हणून. तिसरी गोष्ट तुम्हाला कळलीच असेल. घरून एक प्लॅस्टिकचा मग न्या.

आम्हाला दोघांच्या खोलीला ९० ते १२५ पौंड पडले. जुलैच्या शेवटी इंग्लंडातल्या शाळा सुटतात, मग भाव चढतात आणि शनिवारची एक रात्र कुणी देत नाही. तुम्ही जूनच्या पहिल्या पंधरवड्यात उरका. तेव्हा स्कॉटलंडमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. खिडकीला जाड पडदा नसला की म्हाताऱ्या माणसांना झोप लागत नाही, डोळ्यावर बांधायला फडकं ठेवा. संध्याकाळी वारा पडला की बारीक चिलटं उठतात, डासांपेक्षा बेरकी. पूर्ण बाह्यांचे कपडे घालायचे.

लायसन्सचं: पर्यटक म्हणून आपल्या लायसन्सवर १२ महिन्यांपर्यंत चालवता येतं. तरी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परमिट काढून ठेवा, काही भाड्याच्या गाडीवाले मागतात. क्रेडिट कार्ड ड्रायव्हरच्याच नावाचं लागतं, त्यावर अनामत अडकवतात. ऑटोमॅटिक गाडी हवी तर तसं सांगून घ्या, नाहीतर गिअरची देतात. पंपावर हिरवा पाइप पेट्रोलचा, काळा डिझेलचा. गोल चौकात उजवीकडून येणारा आधी, आपल्याकडे जो जोरात हॉर्न वाजवतो तो आधी, एवढाच फरक. वेल्समध्ये वस्तीतली मर्यादा २०२३ पासून २० मैल केली आहे, कॅमेरे आहेत. मी स्वतः एका शहरात बसच्या पट्ट्यात दहा सेकंद शिरले, दंड घरी आला आणि त्यावर गाडीवाल्यांनी कागद पाठवण्याचे पैसे वेगळे लावले. आप्पा म्हणाले, ‘एसटीची लेन असती तर मी अडवलं असतं. ही लाल बस माझ्या ओळखीची नव्हती.’

जेवणाचं रात्री लिहिते, आता ड्युटी आहे.

भुसावळ_जंक्शन

बाबा जिनिंगमधले आहेत म्हणालात, म्हणून मधेच तोंड घालतो. मँचेस्टरजवळ स्टायल गावात क्वारी बँक नावाची कापडगिरणी आहे, १७८४ ची. आता नॅशनल ट्रस्ट नावाची संस्था सांभाळते. मोठं पाणचक्र आहे आणि जुने माग अजून चालवून दाखवतात. कान बधिर होतात. मुकादमाला तो आवाज देवळातल्या घंटेसारखा वाटेल.

आणि बाबांना एवढं सांगा की हा आपल्याच कपाशीचा दुसरा काठ आहे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालू होती, तिकडचा कापूस थांबला, लँकेशायरच्या गिरण्या बंद पडून लाखो कामगार उपाशी बसले. त्याच वर्षांत खानदेशात रेल्वे आली, मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आला आणि आपल्या काळ्या जमिनीत जिकडेतिकडे कपाशी झाली. मँचेस्टरमध्ये अब्राहम लिंकनचा पुतळा आहे. इंग्लंडात अमेरिकेच्या अध्यक्षाचा पुतळा का, तर गुलामांनी पिकवलेल्या कापसाच्या विरोधात उभे राहिलेल्या तिथल्या गिरणीकामगारांना त्याने १८६३ मध्ये पत्र लिहिलं होतं, त्यातला मजकूर चौथऱ्यावर कोरलाय.

औट्रमचं थडगं लंडनला तर रॉबर्ट गिलचं आमच्या भुसावळला. अजिंठ्याची चित्रं वर्षानुवर्षं लेण्यांत बसून उतरवणारा हा साहेब. ती मोठी चित्रं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगली होती, १८६६ च्या आगीत जवळजवळ सगळी जळाली. तो महालही पुढे १९३६ मध्ये जळाला. आता दक्षिण लंडनमध्ये तिथे बाग आहे, पायऱ्या आणि दगडी स्फिंक्स तेवढे उरलेत. तिकीट नाही. एक चक्कर मारा.

अमळनेरचा_धाकला

ताई, प्रदक्षिणा रद्द केली. बायकोने तुमचा निरोप बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. ‘एसटी ड्रायव्हरची पोर आहे, तिचं ऐक,’ एवढंच बोलले. भुसावळभाऊ, स्टायल घातलं यादीत. लेक डिस्ट्रिक्टला जाताना वाटेतच येतंय.

आता आईचं तेवढं राहिलं.

पांझरेची_पोर

हां, जेवण. आप्पांनी माळ नाही घातलेली, पण आई अंडं शिवत नाही, त्यामुळे हे सगळं भोगून झालंय.

पहिली खूणगाठ: तिकडे ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं की त्यात अंडं धरलेलंच असतं. आमच्या पहिल्या घरात बाईंनी मोठ्या प्रेमाने शाकाहारी नाश्ता म्हणून दोन अंडी आणली. शाकाहारी सॉसेजमध्येही कधीकधी अंड्याचा पांढरा भाग असतो. म्हणून दुसऱ्या घरापासून मी लिहायला लागले, ‘व्हीगन, पण दूध-दही-लोणी चालेल.’ हे वाक्य सगळ्यांना कळतं. मग ताटात काय येतं? टोस्ट, टोमॅटोत शिजवलेल्या पांढऱ्या घेवड्याच्या बिया, परतलेले मशरूम, अर्धा भाजलेला टोमॅटो, बटाट्याची तळलेली वडी. आणि ओटची लापशी, म्हणजे पॉरिज. आप्पा तिला ‘कण्या’ म्हणायचे, वर साखर घालून वाटी पुसून खायचे. ‘वेगळ्या तव्यावर करा’ हे विनंती म्हणून लिहा. नाही तर त्याच तव्यावर आधी डुकराचे काप झालेले असतात.

दुसरी, जी मला सात वर्षं तिथे राहून कळली: उत्तर इंग्लंडात, विशेषतः यॉर्कशरमध्ये, माशांच्या दुकानातल्या बटाट्याच्या फोडी बऱ्याच ठिकाणी गाईच्या चरबीत तळतात. त्या फोडी शाकाहारीच आहेत असं समजून मी कितीदा खाल्ल्या असतील, ते आईला सांगितलेलं नाही. माळकरी माणसाला घेऊन जाताना आधी विचारा, ‘तेल कुठलं?’ वनस्पती तेलवाली दुकानंही आहेत.

रात्री पबमध्ये सालासकट भट्टीत भाजलेला मोठा बटाटा मिळतो, त्यावर लोणी आणि त्याच घेवड्याच्या बिया. आई त्याला चमच्याने ठेचून वरून घरचा ठेचा घालायची. भरताची तहान बटाट्यावर, पण पोट भरतं. पबचं स्वयंपाकघर साडेआठ-नऊला बंद होतं. आपल्या जेवायच्या वेळेला गेलात तर नुसती बिअर मिळेल.

घरून न्या: दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, ठेचा, बिबड्या (आपले ज्वारीचे पापड). दशम्या कागदात गुंडाळून पहिले तीन-चार दिवस निघतात. पेढे, खवा, तूप, पनीर घेऊ नका, भारतातून दुधाचे पदार्थ आणि मांस नेता येत नाही, विमानतळावर काढून घेतात. वांगी तर नाहीच नाही, ताज्या भाजीला सरकारी कागद लागतो.

बिबड्यांचं मात्र ऐका. डेल्समधल्या त्या शेतघरात स्वयंपाकघरात आगा नावाची ओतीव लोखंडाची शेगडी होती, दिवसरात्र तापलेली, वर झाकणाखाली सपाट गोल तवा. आई रोज नाश्त्याला जाताना दारातून तिच्याकडे बघायची. तिसऱ्या सकाळी मालकिणीनेच हाताने खूण केली, या. आईने पिशवीतून बिबड्या काढल्या आणि त्या तव्यावर फडक्याने दाबून भाजल्या. एकीला इंग्रजी नाही, दुसरीला मराठी नाही. मी बाहेर बॅगा भरत होते, आत दोघींचं जोरजोरात बोलणं चाललेलं. मालकिणीने ज्वारीची बिबडी लोणी लावून खाल्ली. आईला ते पटलं नाही, पण तोंडावर काही दाखवलं नाही.

आप्पा त्या वेळी मालकाबरोबर बांधावर. चुना-सिमेंट काही न लावता नुसते दगड रचलेले बांध, शंभर-शंभर वर्षं उभे. मेंढ्यांच्या पाठीवर लाल-निळे पट्टे, कुणाची कुठली ते कळायला. आप्पांनी लगेच साक्रीकडच्या ठेलारी मेंढपाळांची आठवण काढली. एक माणूस, एक कुत्रं आणि डोंगरभर मेंढ्या. परत आल्यावर गाडीत बसताना म्हणाले, ‘इतलं गवत शे, अन् राखाले माणूस एकच!’ मग यॉर्क येईपर्यंत त्यांचा हिशोब चालू होता, आपल्या गावाकडे हे गवत असतं तर किती म्हशी बसल्या असत्या.

तर आईला सांगा, ‘बिबड्या जास्त घे.’ आमच्या कमी पडल्या. त्या मालकिणीला चार ठेवून याव्या लागल्या.